केमोच्या आधी भावाचं सॅम्पल फ्रीझ केलं, नागपूरच्या सेंटरचा अनुभव
लहान भावाची केमो लागायची होती तं डॉक्टर म्हणाले आधी शुक्राणू फ्रीझ करून ठेवा, म्हणून आर्वीहून नागपूरच्या एका सेंटरला गेलो. सगळ्यात चांगलं हे वाटलं की लॅबवाल्या मॅडमनं काहीच लपवलं नाही. सॅम्पल उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये राहते, गोठताना बर्फाचे कण होतात अन् त्यानं शुक्राणूचं आवरण फाटते, म्हणून ग्लिसरॉलवालं द्रव मिसळतात, तरीबी बाहेर काढून वितळवल्यावर पळणारे शुक्राणू बरेचदा निम्म्यावर येतात. मार बसते तो गोठवताना अन् वितळवताना, एकदा नीट ठेवलं की वर्षं वाढली म्हणून फारसं बिघडत नाही. अन् इक्सी (लॅबमधी सुईनं शुक्राणू सरळ स्त्रीबीजात सोडतात ते) केलं तं एका स्त्रीबीजाला एकच जिवंत शुक्राणू लागते, हे ऐकून आईला लय धीर आला.

सॅम्पल द्यायची खोली मात्र रिसेप्शनला लागूनच हाय, बिमार पोरगा अजून लाजला, हे त्यांनी बदलावंच. ठेवायचं भाडं दरवर्षी वेगळं द्या लागते, ते पहिलेच विचारून घ्या.