नौदलातल्या पूर्वजाचा रेकॉर्ड शोधताना: सीडब्ल्यूजीसी, अभिलेख पटल आणि आरटीआय, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

दुसऱ्या महायुद्धातल्या नौसैनिकाचा 'संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड' पैसे घेऊन शोधून देतो म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाने शेवटी जी पीडीएफ पाठवली, ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (सीडब्ल्यूजीसी) साइटवरच्या फुकट पानाची नुसती प्रिंट निघाली. तीही त्याच आडनावाच्या भलत्याच माणसाची. रिफंड नाही, ईमेलला उत्तर नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सातारा-सांगलीकडच्या कुणीही या कामासाठी मधल्या माणसाला पैसे देऊ नयेत.

आधी सीडब्ल्यूजीसी. ही साइट फक्त मृतांची आहे. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात गेलेल्यांची नोंद तिथे मिळते. आजोबा पेन्शन खाऊन घरी वारले असतील तर तिथे वेळ घालवू नका. पण युद्धात समुद्रात मरण पावले असतील तर यापेक्षा चांगली जागा नाही. अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जा, आडनावाचा रकाना चक्क रिकामा सोडा, दल म्हणून नेव्ही निवडा आणि 'अॅडिशनल इन्फर्मेशन'च्या चौकटीत जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं नाव इंग्रजीत टाका. बापाचं नाव आणि गाव नोंदलेलं असलं तर याच ओळीत असतं. तेच पुन्हा मर्चंट नेव्ही निवडून करा. घरात 'जहाजावर होते' एवढंच ठाऊक असेल, तर माणूस मालवाहू जहाजावर असण्याची शक्यता बरीच असते. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि चितगावला मिळून ज्या साडेसहा हजारांच्या आसपास खलाशांचं स्मारक आहे, त्यातले बहुतेक व्यापारी जहाजांवरचेच आहेत. तसं असेल तर रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलात, शोधून काहीच सापडणार नाही. मग लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली बीटी 381 ही क्रू लिस्टची आणि बीटी 389 ही जहाजांच्या हालचालींच्या कार्डांची मालिका पाहावी लागते. कॅटलॉगमध्ये शोधणं फुकट आहे. प्रत काढून मागितली की आधी 'पेज चेक'चे (किती पानं निघतील ते पाहण्याचे) पैसे पडतात, त्यामुळे जहाजाचं नाव आणि तारीख पक्की झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त छळलं ती: जिल्हा. नावाचं स्पेलिंग बिघडतं हे सगळ्यांना माहीत असतं. पवारचा पोवार होतो, जाधवच्या शेवटच्या व्हीचा ओ होतो, साळुंखेचं तर काय वाटेल ते होतं. पण गाव चुकीच्या जिल्ह्यात शोधलं जातं, हे कुणी सांगत नाही. युद्धाच्या काळात सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, फलटण स्वतंत्र. ही संस्थानं 1948 मध्ये विलीन झाली, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. म्हणजे इस्लामपूरजवळच्या माणसाच्या 1943 च्या कागदावर 'सातारा' असणार, आटपाडीच्या माणसाच्या कागदावर 'औंध स्टेट', आणि 1950 नंतरच्या पत्रव्यवहारात या दोघांपुढेही 'साउथ सातारा', 1960 नंतर 'सांगली'. एकेका माणसाचे तीन पत्ते. एकाही पोर्टलला हे कळत नाही. 'सांगली' टाकलं की संस्थानातले मोजके लोक येतात आणि अर्धा जिल्हा निसटतो. कुठल्याही चौकटीत काही टाइप करण्याआधी आपलं गाव 1940 मध्ये कुठे होतं ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या मते या कामात याहून महत्त्वाचं काही नाही.

त्यानंतर जहाजाचं नाव. घरात सर्व्हिस सर्टिफिकेट (नौदलाने दिलेला सेवेचा दाखला) असेल तर जहाजांचा तक्ता नीट पाहा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठे, हे ओळीने असतं. त्यातली निम्मी नावं जहाजांची नसतात. 'तलवार' म्हणजे मुंबईतली सिग्नल स्कूल, 'अकबर' ठाण्याचं प्रशिक्षण केंद्र, 'शिवाजी' लोणावळा, 'बहादूर' आणि 'हिमालय' कराची, 'डलहौसी' मुंबईचा डेपो. नौदल जमिनीवरच्या तळालाही जहाजाचंच नाव देतं. शिवाय लहान बोटींवरची माणसं तळाच्या पटावर दाखवली जात, म्हणून 'डलहौसी'समोर कंसात दुसरं नाव दिसलं तर खरी बोट ती. तारखाही ताडून बघा. रॉयल इंडियन नेव्हीच्या 'बेंगॉल'ची जपानी जहाजांशी लढाई झाली 11 नोव्हेंबर 1942 ला, 'इंडस' ब्रह्मदेशातल्या अक्याबला बुडालं 6 एप्रिल 1942 ला. त्या दिवशी तक्त्यात माणूस कराचीत असेल, तर घरातली गोष्ट कितीही लाडकी असली तरी ती बाजूला ठेवावी लागते.

हे सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. शिक्क्याची जांभळी शाई ओल लागली की पसरते. सपाट काचेच्या स्कॅनरवर 600 डीपीआयला रंगीत स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा.

अभिलेख पटलबद्दल सुरुवातीला मत वाईटच होतं. राष्ट्रीय अभिलेखागाराचं हे पोर्टल, नोंदणी फुकट, पण खलाशाचं नाव टाकलं की शून्य. आता मत बदललंय. तिथे व्यक्तीची फाइल शोधायचीच नसते, तळाची आणि घटनेची शोधायची असते. फाइलचं शीर्षक जुन्या कारकुनाने लिहिलेलं तसंच कॅटलॉगमध्ये आहे, म्हणून 'रॉयल इंडियन नेव्ही' पूर्ण लिहून एकदा आणि 'आर. आय. एन.' टिंबं देऊन एकदा, असे दोन्ही शोध घ्या. माणूस 1946 मध्ये अचानक नोकरीतून निघाला असेल तर फेब्रुवारी 1946 च्या नौदलातल्या उठावाच्या चौकशीचे कागद नक्की पाहा. त्या उठावातले लोक स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला पात्र ठरले होते, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातही अर्जाची फाइल असू शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विधवेच्या नावाने काही अर्ज झाला होता का, तेही विचारा. अशा अर्जाला डिस्चार्जच्या कागदाची नक्कल जोडलेली असू शकते.

खुद्द सेवेचा रेकॉर्ड हवा असेल तर नौसैनिकांचं काम पाहणारा ब्युरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पला आहे. नुसतं पत्र पाठवण्यापेक्षा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून नौदलाकडे आरटीआय टाका. फी 10 रुपये, मजकूर 3000 अक्षरांपर्यंत, जोडलेली पीडीएफ 1 एमबीच्या आत. 600 डीपीआयचा स्कॅन तिथे चढत नाही, 150 ची वेगळी प्रत करून ठेवा. अर्जात कागदावर आहे त्याच स्पेलिंगने नाव, वडिलांचं नाव, ऑफिशियल नंबर, हुद्दा, शेवटचा तळ, डिस्चार्जची तारीख आणि तेव्हाच्या जिल्ह्यासह गाव द्या. नंबर नसेल तर पदकांच्या कडेवर कोरलेला आहे का ते भिंगाने बघा. मागणी एका वाक्यात ठेवा: सेवा-नोंदीची प्रमाणित प्रत. आणि दुसरं वाक्य न विसरता: नोंद नष्ट केली असल्यास ती कुठल्या नियमाने आणि कधी केली, त्या आदेशाची प्रत. हे दुसरं वाक्य नसेल तर 'उपलब्ध नाही' एवढ्यावर अर्ज निकाली निघतो.

'खासगी माहिती' म्हणून नकार आला तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) घेऊन पहिलं अपील करा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला त्या कलमात मोजकेच अपवाद आहेत आणि खासगीपणा त्यात नाही. अपिलाला फी नाही, मुदत नकार मिळाल्यापासून 30 दिवस.