शेवगा, नाचणी, अळीव, जवस: वर्षभर घरात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

गेल्या वर्षी जूनमध्ये माझं हिमोग्लोबिन 9.4 आलं. डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले गोळ्या तर घ्याच पण ताटात काय असतं तेही जरा बघा. मी घरी येऊन ताट बघायच्या ऐवजी मोबाईल उघडला आणि आठवड्याभरात मोरिंगा पावडर (म्हणजे शेवग्याच्या वाळवलेल्या पाल्याची), चिया, किनोआ, नाचणीच्या कुकीज, अळीव, जवस असं सगळं मागवून बसले, बिल तीन हजाराच्या वर गेलं. आज वर्ष झालं. त्यातलं काय टाकून दिलं, काय संपवलं आणि कशाची आता घरात सवय झालीय ते सविस्तर लिहिते, कारण तेव्हा मी शोधत होते तेव्हा मला एकतर नुसत्या जाहिराती सापडत होत्या नाहीतर "सुपरफूड वगैरे सगळं थोतांड आहे" असं म्हणणारे लोक, आणि दोन्हींचा मला काही उपयोग झाला नाही.

पहिली मोरिंगा पावडर, कारण सगळ्यात जास्त अपेक्षा तिच्याकडून होती आणि सगळ्यात जास्त निराशाही तिथेच झाली. पाकीट उघडलं तर रंग हिरवा कमी आणि खाकी जास्त, वास वाळलेल्या गवतासारखा, आणि पॅकिंगच्या तारखेवर किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात होतं की संत्र्याच्या सात पट व्हिटॅमिन सी आणि दुधाच्या चार पट कॅल्शियम. हे नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. ही तुलना वजनाला वजन असते, म्हणजे 100 ग्रॅम संत्र्यासमोर 100 ग्रॅम पाला, 100 ग्रॅम दुधासमोरही 100 ग्रॅम पालाच. दूध आपण कपभर पितो, पावडर आपण घेतो एक चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. शिवाय व्हिटॅमिन सी ची गोष्ट ताज्या पाल्याची आहे, वाळवताना त्यातलं बरंचसं उडून जातं. कॅल्शियम आणि लोह मात्र वाळवल्यावर राहतं, त्यामुळे पावडर अगदी कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही, चांगली हिरवीगार आणि ताजी मिळाली तर पिठात मिसळायला बरी आहे. पण मी घेतलेली परत घेणार नाही.

आईला फोनवर सांगितलं (माझं माहेर कुडाळजवळ) तर ती म्हणाली, "झाड दारात आसताना पावडर कित्याक व्हयी गो तुका?" आता पुण्यात माझ्या दारात झाड नाही, पण आमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाऊंडला आहे, आणि त्याच्या शेंगा तोडायला सगळे येतात, पाल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. वॉचमनकाकांना विचारून आठवड्यातून एकदा पिशवीभर आणायला लागले. आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या असतातच, त्यामुळे चव लहानपणापासून ओळखीची, फक्त इतकी वर्षं ती वर्षातून एकदाच खायची भाजी आहे असं डोक्यात बसलेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि 100 मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी दिलंय, आणि पाला म्हटल्यावर 100 ग्रॅम सहज खाल्ला जातो, शिजवताना थोडं सी जातं तरीही.

करायला सोपी आहे, वेळखाऊ आहे ते पाला निवडणं. देठ राहिले की दाताखाली येतात. टीव्हीसमोर बसून लेक आणि मी दोघी मिळून निवडतो. तेलात लसूण, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, वर पाला, झाकण ठेवून वाफ आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं. कोवळा पालाच घ्या, जून झाला की कडवट लागतो. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. माझे सासरे रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी घेतात, आणि हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं जे त्या गोळीच्या उलट काम करतं. डॉक्टरांनी त्यांना पालेभाजी बंद करायला नाही सांगितली, प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा असं सांगितलं, एकदम ढीगभर खाणं आणि मग महिनाभर काहीच नाही असं नको. घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर हे विचारूनच सुरू करा.

आता नाचणी, आणि माझ्या मते या सगळ्यात नंबर एक हीच. नाशिककडची माझी जाऊ हिला नागली म्हणते, त्यांच्याकडे सुरगाणा-पेठ बाजूच्या नागलीचे पापड येतात, ते वेगळंच प्रकरण आहे. वरच्याच तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, गव्हाच्या पिठात 31 च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात 8 सुद्धा नाही. म्हणजे 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर साधारण 180, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 1000 मानतात, तर दोन भाकऱ्यांत एक तृतीयांशाच्या वर मजल जाते. ते सगळंच्या सगळं अंगी लागत नाही, नाचणीत फायटेट असतं जे कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं, म्हणूनच आपल्याकडे भिजवून मोड आणायची पद्धत आहे, मोड आणल्यावर ते फायटेट कमी होतं. हे आजीला शब्दांत सांगता आलं नसतं पण ती करत होती ते बरोबरच करत होती.

पण इथेच एक बारीक गोष्ट. बाळांना देतो ते नाचणी सत्व म्हणजे भिजवून, वाटून, कपड्यातून गाळून वाळवलेलं. गाळताना कोंडा जातो आणि त्याच्यासोबत चोथा आणि काही खनिजंही जातात. बाळाला पचायला हलकं म्हणून ते ठीकच आहे, पण मी स्वतःसाठी सहा महिने महागडं सत्व आणून पीत होते, त्याची गरज नव्हती. आता साध्या किराणा दुकानातली अख्खी नाचणी आणते, धुवून रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, पंख्याखाली वाळवून हलकी भाजते आणि गिरणीतून दळून आणते. चाळत नाही. कुकीजबद्दल एवढंच सांगते की पाकिटामागे घटक जास्तीपासून कमीकडे अशा क्रमाने लिहिलेले असतात, माझ्या पाकिटावर पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि मग कुठे नाचणी. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून पुढच्या बाजूला नाचणीचं चित्र असलेली पाकिटं दुकानात खूप दिसायला लागलीत, तेव्हा मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

भाकरी जमत नाही म्हणून पुष्कळ जण नाचणी सोडून देतात. यात गव्हासारखं चिकटपण नसतं त्यामुळे गार पाण्यात मळली की तुटणारच. उकड काढा, म्हणजे पाण्याला उकळी आली की मीठ आणि चमचाभर तेल, मग पीठ घालून गॅस बंद, झाकण, आणि पाच मिनिटांनी गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळायची. उन्हाळ्यात मात्र आमच्याकडे भाकरीपेक्षा आंबील जास्त होते, रात्री पीठ पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. एप्रिल-मेमध्ये ऑफिसला निघताना एक मोठा ग्लास प्यायले की एक वाजेपर्यंत भूक नाही. फक्त नाचणीत प्रोटीन कमी आहे, 100 ग्रॅमला सातच्या आसपास, म्हणून भाकरीसोबत नुसता ठेचा खाऊन भागत नाही, कुळथाची पिठी किंवा उसळ पाहिजे. कुळथात 20 ग्रॅमच्या वर असतं आणि पिठी दहा मिनिटांत होते.

अळीव सासूबाईंमुळे जमले. मी आधी दह्यात टाकून खात होते, बुळबुळीत लागायचे, सोडूनच देणार होते. त्यांनी नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवले, फुगल्यावर ओला नारळ आणि गूळ घालून आटवले, जायफळ टाकलं आणि लाडू वळले. हे लाडू बाळंतिणीचे म्हणून ओळखले जातात त्यामुळे बाकी कोणी खायचे नाहीत असंच आमच्या घरात होतं, माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत कधी चाखले नव्हते, आता थंडीत रोज एक मागतो. लोहासाठी उत्तम, पण गूळ आहे, नारळ आहे, त्यामुळे एकच. जास्त खाल्ले तर पोट बिघडतं हा अनुभव घेऊन झालाय. आणि दिवस गेलेले असताना आपल्याकडे अळीव टाळतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जवसाचं श्रेय ऑफिसमधल्या वर्ध्याच्या मैत्रिणीला. मी अख्खे जवस सॅलडवर पेरत होते, ती म्हणाली अगं हे जसेच्या तसे बाहेर जातात. खरंच आहे, वरचं कवच इतकं टणक की न चावता गिळलं तर आतलं ओमेगा-3 मिळतच नाही. दळायलाच पाहिजे, आणि दळलं की तेल लवकर खवट होतं म्हणून महिन्याचं एकदम दळायचं नाही. तिची चटणी म्हणजे जवस मंद भाजून तडतडले की उतरवायचे, सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मीठ, आणि भरड वाटायचं. मी दर रविवारी छोटी बाटली करते आणि फ्रिजमध्ये ठेवते. भाकरीवर चटणी आणि त्यावर कच्चं तेल, याच्यापुढे मला दुसरं काही नको असतं. मात्र मासे खाणाऱ्यांनी मासे सोडून जवसावर येऊ नये, माशातलं ओमेगा-3 आणि जवसातलं वेगळं, जवसातल्याचं शरीरात माशातल्या प्रकारात फार थोडं रूपांतर होतं. मी बांगडाही खाते आणि जवसही.

किनोआ वाईट नाही, चवीला मला आवडला, पण त्या किमतीत घरात राजगिरा का नको हा प्रश्न पडला. गंमत म्हणजे दोन्ही एकाच कुळातले, आणि आपला उपवासाचा राजगिरासुद्धा मुळात अमेरिका खंडातूनच आलेला. म्हणजे आपलं-परकं असा माझा वाद नाहीये, जे इथे पिकतं, ताजं मिळतं आणि घरातले सगळे खातात ते जास्त काळ टिकतं एवढंच. चिया संपवले, परत आणले नाहीत.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त फरक जाणवला ती गोष्ट कुठल्याच पाकिटात नव्हती. मी जेवण झालं की लगेच चहा घ्यायचे, ऑफिसमध्ये सगळेच घेतात. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं आणि व्हिटॅमिन सी ते शोषायला मदत करतं, म्हणजे मी नाचणी आणि पाला खाऊन वर चहाने पाणी ओतत होते. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं 2020 च्या भारतीय शिफारशींत आहे, पुरुषाला 19, आणि भाजी-भाकरीतलं लोह आधीच कमी शोषलं जातं. आता चहा जेवणानंतर तासाभराने, पानात लिंबाची फोड रोज, आणि हिवाळ्यात आवळा किसून मीठ लावून. आवळा नसेल तेव्हा पेरू, त्यात संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतो.

नोव्हेंबरमध्ये परत टेस्ट केली, 12.1 आलं. यात मुख्य काम गोळ्यांचं आहे हे स्पष्ट सांगते, कोणी हे वाचून गोळ्या बंद करू नका. पण डॉक्टरांनी नंतर गोळ्या थांबवल्या आणि या जूनमध्ये परत तपासलं तरी 12 च्या खाली गेलं नाही, आणि त्याचं श्रेय मी ताटाला देते. महिन्याचा खर्च म्हणाल तर नाचणी, जवस, अळीव, कुळीथ सगळं मिळून त्या एका मोरिंगाच्या पाकिटाएवढाही होत नाही.

पाच पैकी मार्क द्यायचे तर नाचणी आणि ताजा पाला पाच, जवस साडेचार, अळीव चार, किनोआ तीन, माझ्या वाट्याला आलेली पावडर एक, कुकीज शून्य. सध्या पावसाने शेवग्याला नवीन फूट आलीय, पाला एकदम कोवळा आहे, तर ज्यांच्या आसपास झाड असेल त्यांनी याच आठवड्यात जाऊन तोडून आणा.