आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचे ऑनलाइन कोर्स: काही महिने वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतीलच. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण उपयोगाचं आहे. मात्र कोर्सचं नाव, तो देणारी संस्था किंवा त्याचे तास पाहून त्याचा कस कळत नाही. मी आता एकच गोष्ट बघते: उत्तर सांगायच्या आधी हा कोर्स शिकणाऱ्याला निर्णय घ्यायला लावतो का? जे लावतात, त्यातलं मला आजही काम करताना आठवतं. जे नुसत्या स्लाइड वाचून दाखवतात, त्यांची सर्टिफिकेटं फोल्डरमध्ये पडून आहेत आणि आत काय होतं ते पुन्हा उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या एका गटाची पर्यवेक्षक आहे. लसीकरण, लहान मुलांचे आजार, साथीचा तपास, संसर्ग प्रतिबंध अशा विषयांचे कोर्स गेल्या काही महिन्यांत स्वतः केले आणि त्यातले काही गटाकडूनही करून घेतले. त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसल्या. कोर्स करताना काय वाटतं हे कळलं, आणि तो करून गृहभेटीला गेलेला माणूस तिथे काय वेगळं करतो (किंवा करत नाही) हेही दिसलं. दुसरी बाजू परीक्षणांमध्ये फारशी येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात उजवा निघाला तो साथीच्या तपासाचा कोर्स. त्यात ‘ऑस्वेगो’चं जुनं प्रकरण सोडवायला दिलं होतं. साथरोगशास्त्राच्या वर्गांमधून ते वर्षानुवर्षं फिरत आलंय, त्यामुळे काहींना माहीत असेल. एप्रिल १९४० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत चर्चचं सामुदायिक जेवण झालं आणि त्याच रात्री लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. जेवायला ८० जण होते, त्यांतल्या ७५ जणांच्या मुलाखती झाल्या, आजारी निघाले ४६. कागदावर मी हे पूर्वी वाचलेलं होतं. इथे फरक पडला तो मांडणीमुळे. स्क्रीनवर एका वेळी थोडीच माहिती उघडते आणि प्रत्येक टप्प्यावर विचारतात: आता आधी कोणाशी बोलाल? मुलाखतीत काय काय विचाराल? ‘रुग्ण’ कोणाला धराल? उत्तर लिहून पाठवल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.

मग पदार्थांचा तक्ता येतो. ४६ रुग्णांपैकी २९ जणांनी भाजलेलं हॅम (डुकराचं मांस) खाल्लेलं. गटातल्या बहुतेकांचं बोट लगेच तिथे गेलं. आजारी पडलेल्यांपैकी इतक्यांनी खाल्लंय म्हटल्यावर जाणारच. पुढचं पान शांतपणे विचारतं की ज्यांनी हॅम खाल्लं नाही त्यांचं काय झालं? तर न खाणारे २९, त्यांतले १७ आजारी, म्हणजे ५९ टक्के. खाणारे ४६, त्यांतले आजारी ६३ टक्के. फरक नसल्यातच जमा. व्हॅनिला आइस्क्रीमची ओळ बघा: खाणारे ५४, आजारी ४३, म्हणजे ८० टक्के, न खाणारे २१, आजारी फक्त ३, म्हणजे १४ टक्के. जोखीम साडेपाच पटींच्या वर. इथपर्यंत कोणतंही पाठ्यपुस्तक नेतं. या कोर्सने त्यापुढचा प्रश्न विचारला: आइस्क्रीम खाऊनही ११ जणांना काही झालं नाही आणि न खाता ३ जण आजारी पडले, त्यांचं काय करायचं? यावर आमच्याकडे बराच वाद झाला. कोणाला नीट आठवलं नसेल, कोणी चमचाभरच खाल्लं असेल, कोणाचं पोट वेगळ्याच कारणाने बिघडलं असेल. प्रत्यक्ष तपासात आकडे असेच विस्कटलेले येतात आणि नवीन माणूस नेमका त्या तिघांपाशी अडकून बसतो.

याचा परिणाम काही आठवड्यांनी दिसला. पोटाच्या तक्रारींची एक छोटी साथ आली, तेव्हा गटातल्या एकीने मुलाखतींची यादी करताना न आजारी पडलेल्यांनाही त्यात घेतलं. मी काही सांगितलं नव्हतं. याआधी आमच्या लाइन लिस्टमध्ये फक्त रुग्ण असायचे, आणि फक्त रुग्णांची यादी हातात असली की प्रत्येक जण हॅमवरच बोट ठेवणार.

आधी उत्तर द्यायला लावल्याने लक्षात राहतं, ही केवळ माझी समजूत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आता आपल्या कोर्सांकडे बघा. व्हिडिओ संपला की लगेच क्विझ असते, म्हणजे ती पाच मिनिटांनंतरची परीक्षा झाली. तिच्यात सगळेच हुशार ठरतात. महिन्याभराने चार प्रश्न पाठवणारा एकच कोर्स मला भेटला. त्या चार प्रश्नांवर गटातले सगळे वैतागले होते, पण शीतसाखळीतलं (लसी ठरलेल्या तापमानात ठेवण्याच्या व्यवस्थेतलं) जे काही त्यांना अजून नीट येतं ते बहुतेक त्यामुळेच.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे बाळांच्या श्वासाचे व्हिडिओ. सभागृहातल्या प्रशिक्षणात न्यूमोनियाचं मूल कुठून आणणार? प्रशिक्षक हात वरखाली करून दाखवतो आणि सगळे मान डोलावतात. इथे खरं मूल दिसतं, खरी छाती हलताना दिसते. पूर्ण ६० सेकंद मोजायचं, आकडा टाकायचा, मगच बरोबर आकडा कळतो. २ ते ११ महिन्यांच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, हे पाठ सगळ्यांना असतं. पण एक मूल बरोबर १२ महिन्यांचं, त्याचे श्वास ४४, असा प्रश्न आला की अर्धे लोक ‘नॉर्मल’वर टिचकी मारतात. रडणारं बाळ दाखवून ‘आता मोजाल का?’ असंही एका व्हिडिओत विचारलंय. योग्य उत्तर ‘नाही, शांत होईपर्यंत थांबेन’ असं आहे. घाईच्या दिवशी हे किती जण पाळतात हा वेगळा विषय.

श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाणं ओळखायलाही व्हिडिओचा फायदा होतो, कारण मागे नेऊन पुन्हा बघता येतं. एक सूचना: हे लहान मोबाइलवर, स्क्रीनचा उजेड कमी ठेवून बघू नका. काही दिसत नाही आणि माणूस अंदाजाने उत्तर देतो. आम्ही हा एक धडा मोठ्या स्क्रीनवर एकत्र बसून केला.

आता जिथे ऑनलाइन कोर्स थिटा पडतो तिथे येऊ. कुपोषण ओळखण्यासाठी दंडाचा घेर मोजणं हे त्यातलं पहिलं. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधली जागा, पट्टी घट्ट नको आणि सैलही नको. ११५ मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ मध्ये मध्यम. ॲनिमेशन सुरेख होतं. पण वळवळणाऱ्या मुलाच्या दंडावर पट्टी किती ओढायची हे व्हिडिओतून हाताला कळत नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या ओढीने मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. कोर्समध्ये पूर्ण गुण घेतलेल्या दोघींनी एकाच मुलाचं माप घेतलं तेव्हा आकडे जुळेनात. त्यासाठी समोरासमोर बसून, एकमेकींची मापं ताडून बघण्याला पर्याय नाही.

लस गोठून खराब झाली का हे ओळखण्याच्या शेक टेस्टचंही तसंच. थंडी जेवढी जास्त तेवढी लस सुरक्षित, हा जुना गैरसमज त्या मॉड्यूलने चांगला मोडून काढला. साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवी. डीपीटी, हिपॅटायटिस बी, टिटॅनस यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात, हे नीट समजावलं. व्हायलवरचा (लसीच्या कुपीवरचा) व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, उष्णतेची नोंद ठेवतो, गोठण्याची नाही, हेही स्पष्ट सांगितलं. पण शेक टेस्टमध्ये त्याच लॉटची एक व्हायल मुद्दाम गोठवून, वितळवून शेजारी ठेवायची आणि हलवल्यावर गाळ कोणात लवकर बसतो ते बघायचं असतं. व्हिडिओत तो प्रकार दीड मिनिटात उरकतो. तो बघून ‘आली’ असं म्हणणाऱ्यांच्या हातात व्हायल दिली की पहिला प्रश्न येतो, ‘किती वेळ बघत राहायचं?’

सर्टिफिकेटांबद्दल. बहुतेक ठिकाणी ८० टक्के गुणांची अट असते, जी ऐकायला कडक वाटते. मी वापरलेल्या एका प्लॅटफॉर्मवर मात्र क्विझ कितीही वेळा देता येत होती आणि प्रश्न तेच, पर्यायांचा क्रमही तोच. उत्तरांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरायला किती वेळ लागला असेल ते तुम्हीच ओळखा. दुसऱ्या एका ठिकाणी ‘पुढे’चं बटण ठरावीक सेकंद झाल्याशिवाय उघडत नसे. लोक फोन बाजूला ठेवून रजिस्टर भरत बसायचे आणि मधूनच बोट लावायचे. यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. वरून विचारणा होते ती ‘किती टक्के पूर्ण झालं’ याचीच. प्रशिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्यांमध्ये कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या प्रसिद्ध आहेत: आवडलं का, शिकलात का, कामात वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम काय झाला. मी केलेले जवळजवळ सगळे कोर्स पहिल्या पायरीवर पाच तारे मागून थांबले. आजारी नसलेल्यांना यादीत घेणारी ती सहकारी कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाही.

वेळेचं गणित लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेतल्या मुहूर्तासारखं असतं. कोर्सच्या पानावर ‘दोन तास’ लिहिलेलं असेल तर चार धरा, आणि प्रकरण सोडवायचं असेल तर त्याहून जास्त. आमच्याकडे सुरुवातीला सगळे घरी, रात्री, कामं आवरल्यावर करायचे. नंतर आठवड्यातली एक दुपार कामाच्या वेळेतच राखून ठेवली आणि दर्जात लगेच फरक पडला, कारण वाद घालायला माणसं शेजारी होती. कोर्स निवडताना व्हिडिओ डाउनलोड होतात का आणि सोबत लिखित मजकूर मिळतो का, एवढं जरूर बघा. नेटवर्क नसताना सोडवलेली क्विझ नंतर सिंक न होऊन गायब होण्याचा प्रकार इतक्या वेळा झाला की आता क्विझ फक्त चांगलं नेटवर्क असतानाच देतो.

थेट सत्रांबद्दल माझं मत आधी फार बरं नव्हतं. तज्ज्ञ बोलतात, बाकीचे माइक बंद ठेवून स्वयंपाक करतात. पण रुग्ण मांडून चर्चा करण्याची ‘प्रोजेक्ट एको’ची पद्धत वेगळी आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सीच्या उपचारांसाठी ती सुरू केली. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा अभ्यास आला. विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेला होता आणि या पद्धतीने शिकलेल्या दूरच्या प्राथमिक केंद्रांवर ५८.२ टक्के, म्हणजे दोन्हीकडे सारखंच. आम्ही त्याच धर्तीच्या सत्रांना बसलो. अट एकच, आपला स्वतःचा अडलेला प्रसंग मांडायचा. तज्ज्ञ शेवटी बोलतात, आधी बाकीच्यांनी आपापलं मत द्यायचं. आमच्या गटाने लस नाकारणाऱ्या एका कुटुंबाचा प्रसंग नेला, तेव्हा सगळ्यात उपयोगी सूचना तज्ज्ञाची नव्हती. दुसऱ्या ठिकाणच्या एका परिचारिकेची होती. तिने विचारलं, ‘घरात नेमका नकार कोणाचा आहे, हे विचारलंत का?’ विचारलं नव्हतं. आता गृहभेटीच्या आमच्या प्रश्नांत तो पहिला असतो.

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा गुण मात्र वेग, आणि तिथे सभागृह त्याला गाठूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा ओपन डब्ल्यूएचओ हा मोफत कोर्सांचा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. नव्या कोरोनाविषाणूची ओळख करून देणारा कोर्स त्यावर २६ जानेवारी २०२० ला आला. आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर झाली ती ३० जानेवारीला. या वेगाची दुसरी बाजूही त्याच वर्षी दिसली. सर्वसामान्यांनी मास्क वापरण्याबाबतचा संघटनेचा सल्ला ५ जूनला बदलला. फेब्रुवारीत केलेलं सर्टिफिकेट मात्र कुठेही आपोआप बाद होत नाही. म्हणून नाव नोंदवण्याआधी कोर्सच्या पानावर ‘शेवटचा बदल कधी’ हे मी शोधते. तारीखच दिलेली नसेल तर उपचार, लस, संसर्ग प्रतिबंध या विषयांचा तो कोर्स मी गटाला देत नाही. साथीच्या तपासाच्या कोर्सला हा नियम लावायची गरज नाही; १९४० चं आइस्क्रीम अजून शिळं झालेलं नाही.

सध्या आकडेवारीच्या विश्लेषणासाठी ‘आर’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा कोर्स चालू आहे. तो आधी कोड लिहायला लावतो, चुकला की लाल अक्षरं दाखवतो आणि मग समजावतो, म्हणजे माझ्या कसोटीला उतरतो. गटातल्या दोघींना सोबत घेतलंय. त्यांचं म्हणणं, एक्सेलमध्ये हेच काम पाच मिनिटांत झालं असतं.