कॉलेजांची रँकिंग यादी : दोन मुलांसाठी दोनदा वापरल्यानंतर

थोरल्याच्या वेळी मी ही यादी चक्क छापून घेतली होती. पहिली पन्नास नावं, दोन पानं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. अर्ज गेला की नावापुढे निळी खूण, प्रवेश मिळाला की हिरवी. हिरव्या खुणा तीन झाल्या. त्यातलं सगळ्यात वरचं नाव आम्ही घेतलं. चर्चा झाली ती जेमतेम दहा मिनिटं, आणि तीही वसतिगृहाबद्दल.

सहा वर्षांनी धाकटीची वेळ आली. या खेपेला मी यादीतली नावं वाचण्याआधी ती बनते कशी, ते वाचलं. माझं काम हिशेब तपासण्याचं. पंचवीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासते आहे. नफ्याचा आकडा दिसला की तो आला कुठून, हे विचारल्याशिवाय मी सही करत नाही. आणि पोटच्या मुलाच्या चार वर्षांवर मात्र मी एकही प्रश्न न विचारता सही केली होती. ते मला फार लागलं. म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी यादीच्या पोटात काय आहे ते सांगते. शांघायची यादी घ्या. २००३ साली ती निघाली ती चीनमधली विद्यापीठं जगात कुठे उभी आहेत हे पाहायला. तुमच्याआमच्या मुलांनी कुठे शिकावं हा तिचा विषयच नव्हता. तिच्यात ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांचे आहेत : १० माजी विद्यार्थ्यांच्या पदकांचे, २० प्राध्यापकांच्या. आणखी २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन नियतकालिकांत छापून आलेल्या शोधनिबंधांचे. हे सगळं मोलाचं आहे, माझा त्याबद्दल काही वाद नाही. पण पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यापाशी कोण उभं राहतं, हे त्यातून कळायला काहीच मार्ग नाही.

क्यूएस या ब्रिटिश कंपनीची जागतिक विद्यापीठांची यादी जास्त लोक पाहतात. तिच्यात बरीच वर्षं ४० टक्के गुण होते ते इतर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना पाठवलेल्या प्रश्नावलीचे. तुमच्या क्षेत्रात चांगली विद्यापीठं कोणती, असं विचारायचं आणि उत्तरं मोजायची. २०२४ च्या आवृत्तीपासून हा हिस्सा ३० टक्के केला, तरी तो आजही सगळ्यात मोठा आहे. म्हणजे नाव मोठं म्हणून मत चांगलं, मत चांगलं म्हणून क्रमांक वर, आणि क्रमांक वर म्हणून नाव आणखी मोठं. एका कंपनीने दुसरीला उधार द्यायचं, दुसरीने तेच पैसे पहिलीला परत द्यायचे आणि दोघींची उलाढाल फुगलेली दिसायची, असे ताळेबंद मी पाहिलेत. इथे कुणी फसवत नाहीये, पण आकडा फिरतो तो तसाच गोल.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणावर तर मी स्वतः भाळले होते. एका शिक्षकामागे आठ विद्यार्थी! माझ्या डोळ्यांसमोर लगेच आठ मुलांचा वर्ग उभा राहिला. तसं ते नसतं. एकूण विद्यार्थी भागिले एकूण शिक्षक, एवढंच ते गणित. नुसतं संशोधन करणारे, वर्षात एखादाच तास घेणारे, वरच्या वर्गांनाच शिकवणारे, असे बरेच जण त्या आकड्यात धरलेले असू शकतात. थोरल्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तीनशेच्या आसपास मुलं होती, आणि कागदावरचं प्रमाण तेव्हाही सुंदरच होतं.

शिवाय बऱ्याच याद्यांत काही आकडे संस्था स्वतःच भरून पाठवते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या यूएस न्यूज या प्रकाशनाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२ साली तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या संस्थेने दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असं उघडपणे लिहिलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत, असा दावा होता. पुढे विद्यापीठाने स्वतः जाहीर केलेला आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याच वर्षी क्रमांक दुसऱ्यावरून अठराव्यावर आला, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रमांसाठी त्या यादीला माहिती द्यायचंच थांबवलं. आता विचार करा. क्रमांक दोनवरून अठरावर गेला म्हणून त्या वर्गांत बसलेल्या मुलांच्या शिकण्यात एका दिवसात काय बदललं? काहीही नाही. थॅडियस यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वतःच्या घरचा हिशेब तपासायला वेगळं धैर्य लागतं.

आता थोरल्याचं सांगते. लहानपणापासून त्याच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. त्यात सोल्डरिंगची कांडी, तारा, जुन्या रेडिओंचे सुटे भाग. त्याला कुठलीही गोष्ट उघडून, जोडून, पुन्हा बिघडवूनच समजायची. वाचून समजायचीच नाही असं नाही, पण हात लावल्याशिवाय मनात बसायची नाही. हे मला माहीत होतं. त्याची आईच मी, मला माहीत नसेल तर कुणाला? पण यादीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो मुद्दा आमच्या बोलण्यातच आला नाही. त्या कॉलेजात पहिली दोन वर्षं सगळी पाठीमागच्या बाकांवरून मोठ्या पडद्याकडे बघण्यात गेली. तिसऱ्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी शिक्षकांची दोन शिफारसपत्रं हवी होती. त्याने एका प्राध्यापकांना मेल केली. उत्तर सौजन्याचं होतं : तुमची गुणपत्रिका आणि एक फोटो पाठवा, म्हणजे मला तुम्ही आठवाल. ते त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, “आई, त्यांची चूक नाही गं. मी एकदाही त्यांच्या खोलीत गेलो नाही.” तो उत्तम गुणांनी पास झाला, नोकरीही चांगली आहे. डबा वसतिगृहातून परत आला तेव्हा मी बांधून दिलेली दोरी अजून तशीच होती.

धाकटीला जन्मापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा कान छान आहे. त्यामुळे ती कुठेही गेली तरी डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळे आवाज उजवीकडून येतात. तिला भूविज्ञान करायचं होतं. दगड गोळा करते, धुते, त्यांच्यावर क्रमांक टाकते. तिला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला : एक पहिल्या पन्नासांतलं, एक बरंच खाली, आणि एक छोटं कॉलेज जे यादीत मुळीच नाही. या वेळी मी तिला म्हटलं, “तिन्हीकडे जाऊन बसू या. साध्या, कामाच्या दिवशी.” प्रवेशासाठी खास दिवस ठेवलेले असतात, तेव्हा जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगेन. त्या दिवशी घर पाहुण्यांसाठी आवरलेलं असतं. आम्ही आधी मेल करून एका तासाला मागे बसायची परवानगी मागितली, ती तिन्हीकडे मिळाली.

नावाजलेल्या ठिकाणचं सभागृह देखणं होतं. अडीचशे मुलं, दोन्ही बाजूंना मोठे ध्वनिवर्धक. शिकवणारे बाई-सर विद्वान, यात शंका नाही. पण आवाज दोन्हीकडून येऊन भिंतींवर आपटत होता. वीस मिनिटांनी तिने वही मिटली आणि मान जराशी वळवून नुसती बसून राहिली. तिथल्या लोकांनी विशेष गरजांसाठी अर्ज करा, सोय होईल, असं आपुलकीने सांगितलं. होईलही. पण ती सोय मागून मिळणार होती, आणि चार वर्षं दर वेळी मागावी लागणार होती.

यादीत नसलेल्या कॉलेजात वर्ग सव्वीस मुलांचा. लांब टेबलं, मधे ट्रेमध्ये दगडांचे तुकडे. एका मुलाने पांढरट तुकडा उचलून सांगितलं, हा क्वार्ट्झ. मॅडम चूक म्हणाल्या नाहीत, बरोबर म्हणाल्या नाहीत. त्याच्या हातात पोलादी सुरी दिली आणि म्हणाल्या, ओरखडा काढ बरं. ओरखडा उठला. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. तुकडा फसफसला. तो मुलगा आपणच म्हणाला, “हे कॅल्साइट आहे. क्वार्ट्झवर सुरी चालली नसती.” त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपण नव्हतं, उलट पुढचा तुकडा त्यानेच उचलला. माझ्या शेजारची खुर्ची केव्हा रिकामी झाली, मला कळलंच नाही. आमची मुलगी उठून टेबलाच्या डाव्या टोकाला जाऊन उभी होती.

तास संपल्यावर मी कॉरिडॉरमधून चालत प्रत्येक शिक्षकाच्या दारावरचा कागद पाहिला. भेटीच्या वेळांचा तक्ता असतो ना, तो. इथे रकान्यांत मुलांच्या हातची नावं होती, काही खोडून पुन्हा लिहिलेली, पाचपैकी चार दिवस भरलेले. आधीच्या दोन ठिकाणी एकीकडे कागदच नव्हता, दुसरीकडे होता पण कोरा. माझ्या मते हा कागद कुठल्याही यादीपेक्षा जास्त सांगतो. जिथे मुलं आपणहून दार ठोठावतात, तिथे आत कुणीतरी ऐकणारं बसलेलं असतं.

उणिवाही सांगायला हव्यात. दगड पारखायचे खास सूक्ष्मदर्शक (ध्रुवित प्रकाशाचे) सहाच आहेत, पाळी लावावी लागते. ऐच्छिक विषय मोजके. आणि कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट बघतो. ते शेवटचं तिच्यापेक्षा मला जड गेलं, हे मी कबूल करते.

पैशाचा आणि करिअरचा प्रश्न मीही स्वतःला विचारला. अमेरिकेतले दोन अर्थतज्ज्ञ, स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर, यांचा २००२ सालचा अभ्यास माझ्यातल्या हिशेबनिसाला पटला, कारण त्यांनी तुलना बरोबरीच्या मुलांची केली. १९७६ साली कॉलेजला गेलेल्या मुलांत, ज्यांनी सारख्याच दर्जाच्या ठिकाणी अर्ज केले आणि ज्यांना सारखेच प्रवेश मिळाले, त्यांतले काही जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेले, काही कमी. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक आढळला नाही. मूल जे घेऊन जातं, त्यातलं बरंच त्याचं स्वतःचं असतं. मात्र कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला, आणि हे कुणीही लपवू नये. ज्या घरात ओळखीपाळखी नाहीत, तिथे ते नाव दार उघडतं. २०२३ मधल्या अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असंही दिसलं की अगदी मोजक्या बड्या कॉलेजांमुळे सरासरी कमाई फार बदलत नसली, तरी सर्वोच्च एक टक्का कमावणाऱ्यांत पोचायची शक्यता बरीच वाढते. तुमच्या मुलाला तिथेच पोचायचं असेल, तर तेच कॉलेज त्याला जुळणारं, असं म्हणायला हरकत नाही.

मला मात्र गॅलप ही जनमत पाहणारी संस्था आणि अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ यांच्या २०१४ सालच्या पाहणीने जास्त विचार करायला लावलं. तीस हजारांहून जास्त पदवीधरांना विचारलं होतं. आपली काळजी करणारा शिक्षक, शिकण्याची गोडी लावणारा शिक्षक आणि स्वप्नांना बळ देणारं मार्गदर्शक माणूस, हे तिन्ही ज्यांना मिळालं, ते पुढे आपल्या कामात मन लावून असण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. कॉलेज कोणत्या प्रकारचं, याने फारसा फरक पडत नव्हता. आणि तिन्ही मिळालेले किती? १४ टक्के. थोरल्याची मेल मला तेव्हा पुन्हा आठवली.

तर यादीला माझे पाचपैकी दोन तारे. एक तारा यासाठी की कधी न ऐकलेली नावं तिच्यामुळे कळतात. दुसरा, संशोधनात उतरणाऱ्यांसाठी, कारण तिथे प्रयोगशाळेचं वजन खरंच महत्त्वाचं असतं, आणि तेव्हाही संस्थेची नाही तर विषयाची यादी पाहावी. उरलेले तीन मी देत नाही. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, एका खोलीत किती जण बसतात आणि सुरू केलेल्यांपैकी किती जण शेवटापर्यंत टिकतात, हे जी यादी ठळकपणे सांगेल तिला देईन.

परवा माझ्या बहिणीने भाच्यासाठी यादी मागितली. मी पाठवली, आणि तिच्यामागे हाताने आखलेलं एक पान जोडलं. वर्गातली मुलं, पहिल्या वर्षाचे शिक्षक, दारावरचा कागद भरलेला की कोरा, असे रकाने. सगळ्यात वरचा रकाना मुलाने स्वतः भरायचा : तुला एखादी गोष्ट नीट समजते, ती कशी? बहिणीचा संध्याकाळी फोन आला, “अगं, तो म्हणतोय दोन दिवस दे.” म्हटलं, चार घे.