शुगर बॉर्डरवर आली: दोनदाच जेवावं, थोडं थोडं खावं की ताटच बदलावं?

एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीचा आकडा ५.७ ते ६.४ टक्क्यांमध्ये आला की डॉक्टर 'प्रीडायबेटिस' म्हणतात, घरचे 'शुगर बॉर्डरवर आहे' म्हणतात, आणि त्याच संध्याकाळपासून सल्ले सुरू होतात. कुणी दोनदाच जेवायला सांगतं, कुणी दर दोन तासांनी थोडं खायला. कुणी ऑलिव्ह ऑइल सुचवतं, तर कुणी भात बंद करून ज्वारीची भाकरी. हा लेख अशाच माणसासाठी आहे, ज्याची गोळी अजून सुरू झालेली नाही आणि ज्याला यातलं काहीतरी एक निवडून वर्षभर निभवायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. कधी जेवावं यापेक्षा ताटात काय किती आहे आणि आपण किती चालतो, याला आपल्या लोकांवर झालेल्या अभ्यासांचा आधार जास्त भक्कम आहे. वेळेचा नियम त्यात मदत करत असेल तर जरूर पाळावा, पण त्यालाच उपचार समजू नये.

सुरुवात आपल्या शरीरापासून करू. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, त्यात हा फरक जन्मापासूनच दिसला. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपासची, इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणून 'मी तर बारीक आहे' यावर विसंबू नका. कमरेला टेप लावा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना प्रीडायबेटिस असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाचं सगळ्यात वरचं प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात निघालं: २६.४ टक्के.

दोनदा की दर दोन तासांनी

महाराष्ट्रात हा वाद 'दीक्षित की दिवेकर' या नावाने घराघरांत पोहोचला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेला: कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात की थोडं थोडं, ठरावीक अंतराने, घरचं आणि आपल्या मातीतलं खावं, तुपाला घाबरू नये.

यावर थेट प्रयोग झालेत. २०१४ मध्ये प्रागच्या संशोधकांनी टाइप टू मधुमेह असलेल्या ५४ जणांना १२ आठवडे दोन मोठी जेवणं आणि १२ आठवडे सहा छोटी खाणी दिली. कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच कमी केलेल्या. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो वजन उतरलं, सहा खाण्यांत २.३ किलो. आता इथे नीट लक्ष द्या: ती दोन जेवणं सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होती. आपल्याकडे दोनदा जेवणारे बहुतेक जण दुपारी आणि रात्री नऊ-साडेनऊला जेवतात. प्रागचा निकाल जसाच्या तसा त्यांना लागू होत नाही.

दुसरा प्रयोग चीनमधल्या ग्वांगझूचा, २०२२ चा. स्थूल असलेल्या १३९ जणांनी वर्षभर कमी कॅलरी खाल्ल्या. त्यातल्या निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायचं बंधन होतं. बंधनवाल्यांचं वजन ८ किलोने उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलोने, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान ठरला. म्हणजे काम मुख्यतः कमी खाण्याने केलं.

तरीही दोन वेळांच्या नियमाचा एक मोठा गुण मला मान्य आहे: तो सोपा आहे आणि फुकट आहे. ज्याचा दिवस चहा-बिस्किटं, चारचा वडापाव आणि टीव्हीसमोरचा फरसाण यांत जातो, त्याची निम्मी अडचण हा नियम पहिल्याच दिवशी सोडवतो. ज्याला पित्ताचा त्रास आहे किंवा फार भूक लागली की जेवणावर ताबा राहत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुलं यांनी तर नाहीच. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून घरात कुणी औषधावर असेल तर त्यांना 'माझ्याबरोबर तुम्हीही करा' म्हणू नका.

थोडं थोडं खाण्याचं यश हे 'थोडं' म्हणजे काय यावर ठरतं. मूठभर शेंगदाणे, पेरू, ताक असेल तर ठीक. सकाळी पोहे, अकराला खाकरा, चारला बिस्किटं असं झालं तर दिवसभर पिष्टच पोटात जातं.

भूमध्य समुद्राकाठचा आहार

स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात ७,४४७ लोक होते, वय ५५ च्या पुढचं. या आहारासोबत ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिलेल्या गटांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी झाले. काही केंद्रांवर लोकांची गटवारी नियमाने झाली नव्हती, म्हणून २०१३ चा निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह छापावा लागला. आकडा जवळपास तोच राहिला. घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर या आहाराचा विचार जरूर करा. फोडणीसाठी महागडं आयात तेल मात्र आणू नका. भाज्या, कडधान्यं, मासे, दाणे हा त्याचा गाभा आहे आणि तो कोकणी-गोमंतकीय स्वयंपाकात आधीच आहे. आपल्या शेंगदाणा तेलाने तेवढाच फायदा होईल, असं मात्र त्या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

भाकरी, आणि आजोबांचा दाखला

'आजोबा चार भाकऱ्या खायचे, त्यांना कुठे शुगर होती?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर जपानच्या ओकिनावा बेटांवर सापडतं. १९५० च्या आसपास तिथल्या लोकांच्या सुमारे ८५ टक्के कॅलरी कर्बोदकांतून यायच्या, त्यातही मुख्य अन्न रताळं. तरी ते दीर्घायुषी होते, कारण एकूण खाणं कमी होतं आणि शेतातले कष्ट भरपूर. मग अमेरिकी तळ आले, डबाबंद मांस आलं, मोटारी आल्या. २००० साली जपानच्या ४७ प्रांतांत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात २६ व्या क्रमांकावर घसरले. आजोबांच्या चार भाकऱ्यांमागे नांगर आणि मोट होती. आपल्यामागे खुर्ची आहे.

भाताऐवजी भाकरी केल्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, चोथा वाढतो. पण १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास, तर पॉलिशच्या तांदळात ७८. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. २०२५ मध्ये इंडियाबच्या आहारविषयक निष्कर्षांत हेच दिसलं. भारतीयांच्या सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाची जोखीम कमी दिसली नाही. एकूण कॅलरींपैकी ५ टक्के कर्बोदकांऐवजी डाळी किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांतून घेतलेल्यांत ती कमी दिसली. ही पाहणी आहे, प्रयोग नाही, तरी मला ती वजनदार वाटते, कारण ती आपल्याच ताटांची आहे.

ताट बदलायचं म्हणजे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांतून ४५ टक्क्यांपर्यंतच कॅलरी घ्यायला सांगितलंय. घरात याचा अर्थ असा: दोन भाकऱ्यांची एक करा आणि पातळ आमटीऐवजी मटकीची किंवा हरभऱ्याची दाट उसळ मोठी वाटीभर घ्या. पिठलं, दही, अंडं, मासे, जे चालत असेल ते रोज एकदा तरी असू द्या. भाकरी, भात आणि बटाट्याची भाजी एकाच ताटात नको. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा दही, दाणे आणि थोडा राजगिरा बरा.

या वाटेची अडचण लपवत नाही. डाळ तांदळापेक्षा महाग आहे. आणि अनेक घरांत बाई शेवटी जेवते, तोवर उसळ संपलेली असते आणि तिच्या वाट्याला भात आणि आमटीचं पाणी उरतं. रिपोर्ट तिचा असेल तर तिची वाटी आधी काढून ठेवायची, हे घरातल्या सगळ्यांनी ठरवायला हवं. नाहीतर हा सगळा विचार कागदावरच राहील.

आणि चालणं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉर्डरवरचे ५३१ लोक होते. नेहमीसारखं जगणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार सुधारून रोज किमान अर्धा तास चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होतं, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ४०.५. चालणाऱ्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आकडे सांगते.

मग निवड कशी करायची? दिवसभर तोंड चालू असेल तर दोन जेवणांचा नियम घ्या, पण रात्रीचं जेवण सातच्या सुमारास आणा आणि दोन्ही ताटांत उसळ ठेवा. पित्त होत असेल किंवा कामाची पाळी बदलती असेल तर तीन साधी जेवणं ठेवून फक्त ताट बदला. घरात हृदयविकार असेल तर त्यात दाणे, भाज्या, मासे वाढवा आणि लोणचं-पापडाचं मीठ कमी करा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून पंधरा दिवसांत तपासून निराश होऊ नका. तीन महिने पूर्ण झाल्यावर, शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा.