कुपवाड रस्त्यावरचे गॅरेज: मॉड्यूल बदलण्याआधी तार तपासणारे

सांगलीहून कुपवाड एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींच्या इलेक्ट्रिकल कामाचे एक लहानसे गॅरेज आहे. तेथे सुटे भाग विकले जात नाहीत, आणि बिघाड शोधण्याचे शुल्क दुरुस्तीच्या मजुरीपासून वेगळे ठेवून काम हाती घेण्याआधीच सांगितले जाते. आपल्याकडे ही पद्धत फारशी रुळलेली नाही. ‘नुसते बघायचे पैसे कसले?’ असे म्हणत परत फिरलेले गिऱ्हाईक मी तेथेच पाहिले. माझ्या मते या गॅरेजमध्ये पैसे मोजावेत ते याच बघण्यासाठी.

माझी गाडी जुनी घेतलेली डिझेल हॅचबॅक आहे. आष्ट्याच्या बाजूला खराब रस्ता लागला की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटे, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येई, स्टिअरिंग जड होई, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत होई. एका कार्यशाळेने स्कॅनर लावून यू०१२१ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि एबीएस मॉड्यूल, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, बदलण्याचा अंदाजखर्च हाती ठेवला. कोड खोटा नव्हता, पण एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला एवढेच तो सांगतो. मॉड्यूल स्वतः निकामी झाले, त्याचा फ्यूज वा अर्थिंग गेले, की मधली तार सुटली, हे त्या कोडवरून कळत नाही.

या गॅरेजच्या मिस्त्रींनी स्कॅनर सर्वांत आधी नव्हे, तर बॅटरीचा दाब (व्होल्टेज) आणि अर्थिंग तपासल्यावर लावला. “मॉड्यूल गेलंय म्हणायला काय लागतंय, साहेब? आधी त्याला करंट मिळतोय का ते तर बघू,” असे ते म्हणाले, आणि ते बरोबरच होते, कारण स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब फार उतरला तरी असे संपर्काचे कोड साठून राहतात. नंतर त्यांनी स्कॅनरवर गाडीतील प्रत्येक मॉड्यूल उघडून कोणते उत्तर देते याची यादी केली. इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारे मॉड्यूल), मीटर आणि स्टिअरिंग ही तिन्ही मॉड्यूल बोलत होती. तिघांचीही तक्रार एकट्या एबीएसबद्दल होती. वेगाची माहिती या गाडीत एबीएसकडूनच इतरांना जात असल्यामुळे काटा पडणे आणि स्टिअरिंग जड होणे यांचाही उलगडा तेथेच झाला.

खरी परीक्षा पुढे होती. कॅन जाळ्यात, म्हणजे गाडीतील मॉड्यूल जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, ती एकमेकांशी कॅन-हाय आणि कॅन-लो या पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात, आणि जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक (रेझिस्टर) असतो. हे रोधक समांतर येत असल्यामुळे बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजले असता सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे आणि शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असे समजावे. आमच्या गाडीत ६० आले. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. मल्टिमीटर तसाच लावून ठेवून त्यांनी इंजिनजवळचे वायरिंग हाताने हलवत नेले, आणि एबीएसच्या कनेक्टरपाशी आकडा १२० वर गेला. या गाडीत एक रोधक एबीएस मॉड्यूलच्या आतच आहे. एक टोक सुटले तरी लहान जाळ्यात उरलेली मॉड्यूल बहुधा बोलत राहतात, म्हणूनच गाडी कधी रस्त्यात बंद पडली नव्हती.

कनेक्टर उघडला तेव्हा आत हिरवट कळंक दिसला. २०१९ च्या महापुरात पाणी पाहिलेल्या गाड्या सांगली परिसरात पुढे कितीतरी हातांतून फिरल्या, आणि ही त्यांतलीच असावी असा मिस्त्रींचा अंदाज आहे. मला तो पटतो. त्यांनी खराब पिन बदलली, जोड हीट-श्रिंकने (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद केला आणि तारांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत राखला. बाहेरचा विद्युत गोंधळ पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच येतो, आणि मॉड्यूल दोन तारांमधला फरक वाचत असल्याने तो वजा होतो. पीळ उलगडून लांब जोड मारणारे कारागीर हे ध्यानात घेत नाहीत. शेवटी कोड पुसून, खराब रस्त्यावर गाडी फिरवून त्यांनी पुन्हा स्कॅन केले. दोष परतला नाही, आणि एकूण बिल मॉड्यूलच्या किमतीच्या आसपासही गेले नाही.

उणिवा आहेत. फोनवर वेळ ठरवून मिळत नाही, बसायला सावलीची जागा नाही, आणि तपासणीचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून मिळतात. शुल्क घेणाऱ्याने छापील अहवाल द्यायला हरकत नसावी. एअरबॅगच्या वायरिंगला ते हात लावत नाहीत. अलीकडच्या काही गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतली जाळी यांच्यामध्ये माहितीची ये-जा राखणारे गेटवे मॉड्यूल असते. तेथे सॉकेटवर ६० ओहम मिळाले तरी आतली जाळी ठीक आहे असे ठरत नाही, आणि स्कॅनरलाही उत्पादकाची परवानगी लागू शकते. अशी गाडी आली तर मिस्त्री ती शुल्क न घेता अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे पाठवतात.