कार्बन फायबरवाली नायलॉन पावडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पेरणी यंत्रं आणि फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये, छोट्या लेझर सिंटरिंग मशीनवर (पावडरचे थर एकावर एक लेझरने वितळवून भाग छापणारं यंत्र), मार्चपासून ही कार्बनचे बारीक तंतू मिसळलेली नायलॉन १२ पावडर चालू आहे. आधी निकाल: ब्रॅकेट, हँडल, कव्हर यांत पैसे वसूल. पेरणीच्या बी-चकतीसाठी मात्र घेऊ नका. छापलेला भाग खरखरीत निघतो, सोयाबीनचं साल नाजूक. ते घासलं की उगवण गेली. चकती साध्या नायलॉन १२ची काढा आणि भोकांच्या कडा पॉलिश पेपरने मारून घ्या.

ताकदीचं गणित पुष्कळांचं इथेच चुकतं. पावडर पसरवणारा रोलर ज्या दिशेने चालतो, बहुतेक तंतू त्याच दिशेत आडवे पडतात. थर ०.१ मिमीचा, वरच्या थरातून खालच्या थरात शिरणारा तंतू जवळजवळ नसतोच. ब्रॅकेट उभा छापला तर ताण थरांनाच सोलतो, आणि फायबरचे पैसे पाण्यात. लांब बाजू रोलरच्या चालीत, झोपवून ठेवा. आकुंचनही दिशेनुसार वेगळं, त्यामुळे ६२०४ बेअरिंगची ४७ मिमीची बैठक थेट नेमकी येत नाही. माल थोडा जास्त ठेवून लेथवर काढा, तेही कार्बाइड टूलने. साधं टूल लवकर बोथट होतं.

खरा शत्रू लाईन. बेड, म्हणजे छपाई चालते तो पावडरीचा थर, वितळबिंदूच्या जेमतेम खाली धरलेला असतो. लाईन गेली आणि तापमान १५० अंशांकडे उतरलं की कडा वर उचलतात, रोलर त्यांना ओढत नेतो, अख्खा जॉब बाद. फक्त कंट्रोलरला यूपीएस देऊन भागत नाही, हीटरचा भारही पेलला पाहिजे. जॉब संपल्यावर घाई नको: ५० अंशांखाली येईपर्यंत पावडरीचा ढेप फोडायचा नाही, नाहीतर सपाट भाग पापडासारखा वळतो.

मे महिन्यात पावडरीच्या खोलीत कूलर लावायचा मोह होतो. लावू नका, नायलॉन ओल पिते, गुठळ्या होतात. पावसाळ्यात हवाबंद ड्रम आणि सिलिका जेल हवंच. जॉबमधून उरलेली जुनी पावडर निम्मी नवी घालून वापरली तर ठीक. त्याहून काटकसर केली की पृष्ठभाग नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा येतो.

धुळीबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. कार्बनचे तंतू वीज वाहतात; कंप्रेसरच्या हवेने भाग साफ केले तर धूळ वेल्डिंग मशीनच्या आणि स्टार्टरच्या पॅनलमध्ये शिरते. बंद पेटीतच झाडा, एन-९५ मास्क लावून.